वाडा मुंग्यांचा, बिऱ्हाडं दुसऱ्यांची

पहिला दिवस : एस्पो, नूक्सिओ

"ताई, एवढं तिकीट काढून मुंग्या बघायला आलीस?" विमानतळावर भावाचं पहिलं वाक्य हेच. मी हो म्हटलं. वहिनी मला जास्त ओळखते. तिने गाडीच्या डिकीत माझ्या मापाचे गमबूट आणून ठेवले होते.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. ही दोघं हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत राहतात आणि तिथून नूक्सिओ राष्ट्रीय उद्यान जवळच. जेट लॅगवर जंगलात चालण्यासारखं औषध नाही, ही माझी थाप पचली आणि दुपारीच आम्ही तिथे पोचलो. पहिलं घरटं पायवाटेला लागल्या लागल्या दिसलं. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याला टेकलेला, माझ्या कमरेला लागेल एवढा, झाडाच्या सुईसारख्या वाळक्या पानांचा ढीग. लांबून वाटावं, कुणीतरी अंगण झाडून कचरा एका जागी लोटलाय. जवळ गेलं की कचरा हलायला लागतो.

ढिगाला इथे 'केको' म्हणतात आणि मुंगीला 'केकोमूराहाइनेन', म्हणजे ढिगाची मुंगी. तांबडी छाती, काळं पोट; फॉर्मिका रुफा या गटातली. या गटाच्या पाच जाती फिनलंडमध्ये आहेत. आपल्याकडे मुंग्यांचं वारूळ म्हणून जे दाखवतात ते बहुधा वाळवीचं निघतं. हे मात्र खरोखर मुंग्यांचं, आणि वरचा डोलारा मातीचा नाहीच. स्प्रूस-पाइनच्या सुया, काटक्या आणि मधूनमधून राळेचे खडे. राळ त्या मुद्दाम वेचून आणतात. तिच्यामुळे घरट्यात बुरशी आणि जंतू आटोक्यात राहतात.

मी ढिगावर वीतभर अंतरावर रुमाल धरला. वरच्या शेकडो मुंग्यांनी पोटं पुढे वळवली आणि फवारा सोडला. उन्हाच्या तिरिपेत तो बारीक तुषार दिसतो सुद्धा. रुमालाला व्हिनेगरसारखा वास. "बघ, हुंग," म्हणून मी भावापुढे केला तर तो तीन वेळा शिंकला आणि मराठीत काहीतरी बोलला, ते लिहीत नाही.

मला खरं तर मुंग्या नाही, त्यांच्या घरातली बिऱ्हाडं बघायची होती. 'आयत्या बिळावर नागोबा' आपण एका नागोबाबद्दल म्हणतो. या तांबड्या मुंग्यांच्या घरट्यांत असे, दुसरीकडे कुठे संसारच न मांडणारे, १२५ प्रकारचे जीव बेल्जियमच्या थॉमस पारमेंतिएर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोजले. त्यांत सगळ्यात जास्त भुंगेरे. आंबोलीत झाडावरच्या मुंग्यांच्या घरट्यात भोक पाडून तांबूस सुतार पक्षी अंडी घालतो, ते बघितल्यापासून मला हा नाद लागला. दुसऱ्याच्या घरात, तेही चावऱ्या, आम्ल फवारणाऱ्या मालकाच्या घरात, पिढ्यान्‌पिढ्या राहायचं म्हणजे काय असेल?

दुसरा दिवस : रेल्वेने योएनसू

दिवस प्रवासात गेला. खिडकीबाहेर तळं, जंगल, तळं, जंगल. तासाभराने लक्षात आलं की जंगल बरंचसं एका वयाचं आहे, शाळेच्या प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं केल्यासारखं. मध्येच एखादा चौकोन सगळा मोकळा, फक्त बुंधे. विदर्भात वनखात्याची माणसं ज्याला कूप म्हणतात, तो हा. इथे त्याला 'आवोहाक्कू' म्हणतात. या देशाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे आणि त्यातलं निम्म्याहून अधिक जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचं. आपल्याकडे कुणाची चार एकर भातशेती असते, तसं यांचं चाळीस हेक्टर जंगल.

पूर्व फिनलंडमधल्या योएनसूहून गाडी भाड्याने घेतली. रात्री तळ्याकाठच्या लाकडी घरात मुक्काम. घरमालक सत्तरीचे, भावाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील. बोलणं अगदी बेताचं. मी कशासाठी आले ते भावाने सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "माझ्याकडे घरटी आहेत. काही चांगली. काही नाहीत." आणि झोपायला गेले.

तिसरा दिवस : कोली

उक्को-कोली हा ३४७ मीटरचा डोंगर. सह्याद्रीतल्या माणसाला ही टेकडीच, पण वर पोचल्यावर खाली पिएलिनेन तळं आणि त्यातली झाडांनी गच्च भरलेली बेटं दिसतात तेव्हा तोंड आपोआप बंद होतं. वर्णन इतकंच. ते फोटो सगळीकडे आहेत.

मी उतरणीवरच्या जुन्या जंगलात रमले. राष्ट्रीय उद्यान असल्याने कशाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. मेलेली झाडं पडल्या जागी कुजतात, त्यांवर शेवाळ, शेवाळातून स्प्रूसची रोपं. अशा ठिकाणी एका घरट्याशी मी तास-दीड तास बसले. डोक्यावर हरणमाश्या. या माश्या अंगावर बसल्या की पंख टाकून देतात आणि केसांत शिरून खेकड्यासारख्या तिरप्या चालतात. वहिनी टोपीवर टोपी घालून लांब उभी होती.

ढग आले, जरा गार झालं आणि ढिगाच्या माथ्यावर मला हवी होती ती दिसली. तीनएक मिलिमीटरची, तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत मुंगी. मोठ्या तांबड्या मुंग्यांच्या पायांमधून ती निवांत चालली होती. फॉर्मिकोक्सेनस नितिदुलस. ही मुंगी दुसऱ्या मुंगीच्या घरट्यातच स्वतःचं छोटं घरटं करते, एखाद्या पोकळ काडीत किंवा सालीच्या तुकड्यात. या दिवसांत तिचे नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, त्यामुळे नर की कामकरी हे कळायला भिंग लागतं. एका तांबडीने तिला जबड्यात पकडलं. मी श्वास रोखला. पण कडू बदाम तोंडात यावा तसं तिने तिला पटकन टाकून दिलं. छोटी पुन्हा चालू लागली, जणू काही झालंच नाही. धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत हिची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. हिच्या यजमान मुंग्या अजून लाखोंनी आहेत आणि तरीही ही असुरक्षित, हे त्या क्षणी मला नीट उमगलं नव्हतं. दोन दिवसांनी उमगलं.

चौथा दिवस : मालकांचं जंगल

सकाळी मालक स्वतःच निघाले. घरामागचं हे जंगल साठ-सत्तर वर्षांचं असावं. खाली मस्टिक्काची, म्हणजे इथल्या रानटी ब्लूबेरीची झुडपं, शेवटची निळी फळं सुकायला लागलेली. लिंगोनबेरी नुकती लाल. चालताना त्यांनी बर्चची एक काडी मोडली, साल सोलली, घरट्यावर ठेवली, थोपटली, मुंग्या झटकल्या आणि माझ्यापुढे धरली. "चाटा." कैरीच्या फोडीसारखी आंबट! लहानपणचा खेळ म्हणे.

घरटं त्यांच्या जमिनीतलं, परवानगी त्यांची, म्हणून आज थोडं आत बघता येणार होतं. वहिनीचा केकचा पांढरा ट्रे आणि पिठाची चाळणी ही आमची सगळी प्रयोगशाळा. शिवाय स्वयंपाकघरातला, लांब सळई असलेला थर्मामीटर. हवा १२ अंश. सळई ढिगात हातभर आत सारली तर २४. आत कुणी चूल पेटवलेली नाही. ऊन, हजारो मुंग्यांच्या अंगची ऊब, ओलसर सुया कुजताना निघणारी उष्णता आणि दारं उघडण्या-मिटण्याची शिस्त, एवढ्यावर हे चालतं. उत्तरेच्या गारठ्यात ऊब, ओल, अन्न आणि बाहेरच्या शत्रूपासून संरक्षण एका जागी. पाहुणे फुकट जीव धोक्यात घालत नाहीत.

ढिगाच्या कडेची दोन ओंजळी सामग्री चाळणीतून ट्रेवर पाडली. मुंग्या सैरावैरा, त्या आधी ढिगावर परत. मग ट्रेवर नुसता भुसा उरतो. इथे घाई करायची नाही. भुश्याकडे दोन मिनिटं बघत राहायचं. मग भुश्यातला एक कण चालायला लागतो.

पहिला चालला तो मोनोटोमा, दोन मिलिमीटरचा लांबट, विटकरी भुंगेरा, चाल बैलगाडीची. मग पांढरीशुभ्र, डोळे नसलेली स्प्रिंगटेल, म्हणजे किड्यासारखा एक बारीक जीव, सायफोडेरस. मग आखूड पंखांचा काळसर भुंगेरा, पोट विंचवासारखं वर उचलून पळणारा. तो आम्ही नीट बघेपर्यंत ट्रेच्या कडेवरून पसार. यांतलं कुणी बुरशी खातं, कुणी मुंग्यांनी आणलेल्या शिकारीतलं उरलंसुरलं, कुणी मेलेल्या मुंग्या, आणि काही जण सरळ यजमानांची अंडी. एरिख वास्मान नावाच्या जेझुइट पाद्र्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यांची प्रतवारीच लावली होती: मुंग्या ज्यांना जवळ करतात ते, ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतात ते, आणि ज्यांच्या मागे लागतात ते. कुठल्याही वाड्यात हे तीन प्रकार सापडतीलच.

ट्रेवर एक लेंडीसारखं काहीतरी होतं. मी ते टाकून देणार होते. भिंगाखाली धरलं तर एका टोकाला भोक, आणि भोकात बूच बसवल्यासारखं एक काळं, चपटं डोकं. क्लायट्रा! नारिंगी अंगावर चार काळे ठिपके असलेल्या भुंगेऱ्याची अळी. हिची कहाणी मी पुस्तकात वाचली होती, पण हातावर घेतल्यावर अंगावर काटा आला. मादी घरट्यावर किंवा शेजारी वाकलेल्या फांदीवर बसते. एकेका अंड्याला स्वतःच्या विष्ठेच्या खवल्यांचं आवरण देते आणि खाली सोडते. मुंग्यांना ते बी किंवा काडी वाटतं. त्या उचलून घरात नेतात. अळी आत जन्मते, माती आणि विष्ठेची पिशवी करून तीत राहते, कुणी जवळ आलं की डोक्याने दार लावून घेते. मोठी झाली की भुंगेरा बनून बाहेर पडते आणि बर्चची, विलोची पानं खाते.

मालक बराच वेळ भिंग सोडेनात. आयुष्यभर या घरट्याशेजारून गेले होते. "ही भाडं देते का?" त्यांनी विचारलं. तो विनोद होता हे मला उशिरा कळलं.

घरट्याच्या पायथ्याशी, जिथे सुया कुजून काळ्या झाल्यात, तिथे एक जाडजूड पांढरी अळी मिळाली. आपली हुमणीच म्हणा, त्याच भुंगेऱ्यांच्या मोठ्या गोतावळ्यातली. ट्रेवर ठेवताच उताणी झाली आणि पाठीवर सरपटत निघाली. हिचा भुंगेरा धातूसारखा हिरवा चमकतो. भाऊ पहिल्यांदाच गुडघ्यावर बसला. व्हिडिओ त्यानेच काढला.

सगळी मंडळी घरी परत सोडली. ट्रे रिकामा झाल्यावर मालक म्हणाले, "उद्या दुसरं दाखवतो."

पाचवा दिवस : कूप

घरापासून अर्ध्या किलोमीटरवर जंगल एकदम संपतं. पाच हेक्टर मोकळं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांनी इथलं लाकूड विकलं. हिवाळ्यात जमीन गोठलेली असते, हार्वेस्टर रुतत नाही. हे यंत्र उभं झाड पकडतं, कापतं, फांद्या सोलतं आणि मापात तुकडे करतं, सगळं मिनिटाच्या आत. मागून दुसरी गाडी ओंडके उचलून नेते. नंतर खोदयंत्राने माती पालथी करून उंचवटे केले, त्यांवर स्प्रूसची रोपं. रोपं आता गुडघ्याएवढी. मालकांनी हे सगळं लपवण्यासारखं काही नाही अशा आवाजात सांगितलं. मुलीच्या घराला पैसे लागत होते.

"घरट्यांना हात लावू नका, असं मी चालकाला सांगितलं होतं. त्याने लावला नाही."

खरंच लावला नव्हता. इथे तीन घरटी होती. एक नंतर खोदयंत्राच्या उंचवट्याखाली गेलं. ती चूक त्यांना अजून टोचते. दुसरं रिकामं. वरून गवत उगवलेलं, एका बाजूला शेवाळ, सुया राखाडी. मी काडी खुपसली तर कुणीच बाहेर आलं नाही. तिसरं जिवंत होतं, पण पसरट, बसक्या भाकरीसारखं, आणि मुंग्या विरळ. शेजारी राखलेली सहा झाडं. त्यांतली दोन वादळात आडवी झाली होती. सळई आत घातली: १६. ट्रेवर दोन ओंजळी चाळल्या आणि वाट बघितली. एक माइट, म्हणजे कोळ्यांच्या गोतातला बारीक जीव, आणि एक मोनोटोमा. दहा मिनिटं झाली. एवढंच.

एका ट्रेवरून निकाल देणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि हातात शितही धड नव्हतं. पण मुंग्यांचं काय होतं हे याच देशात नीट मोजलेलं आहे. यौनी सोर्वारी आणि हारी हक्कारायनेन यांनी याच गटातल्या फॉर्मिका अक्विलोनिया या जातीवर काम केलं. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की सरसकट तोड झालेल्या जागी घरट्यांचे ढीग लहान होतात आणि पंखवाले नर-राण्या कमी जन्मतात. २००७ मध्ये, की मुंग्यांची संख्याच घसरते. २००९ मध्ये, की तिथल्या कामकरी मुंग्या अंगानेही बारक्या भरतात. खुरटलेलं बालपण म्हणतात तसं.

कारण घरट्यात नाहीच, वर आहे. स्प्रूस-पाइनच्या फांद्यांवर मावा असतो, त्याचा गोड चिकटा हे या मुंग्यांचं मुख्य अन्न. आंब्यावर, कापसावर हाच चिकटा पडला की आपल्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात; इथे त्यावर अख्खं राज्य चालतं. झाड गेलं, मावा गेला, पोटगी संपली. सावली गेली म्हणून ढीग वरून वाळतो, सुया पडणं थांबतं म्हणून डागडुजीला माल नाही, आणि उजेड मिळाला म्हणून गवत अंगावर चढतं.

त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. या मुंग्यांना वाट डोळ्यांनी लक्षात राहते, झाडांच्या आकृत्यांवरून. म्हाताऱ्या मुंग्या हिवाळाभर जमिनीखाली काढतात आणि वसंतात आपापल्या जुन्या वाटेने, आपल्या ठरलेल्या झाडाकडे निघतात. हिवाळ्यातल्या तोडीनंतर वसंतात त्या कशा वागतात, याच प्रश्नावर राइनर रोसेनग्रेन आणि पेक्का पामिलो यांनी १९७८ मध्ये लिहिलं. झोपताना जंगल होतं; उठल्यावर आभाळ.

मुंग्या मात्र हात जोडून बसत नाहीत. कुपाच्या कडेला, उभ्या जंगलाच्या सावलीत, एक नवा छोटा ढीग दिसला. जिवंत घरट्यापासून तिथवर एक बारीक वाट, आणि वाटेवर मुंग्या मुंग्यांनाच उचलून नेत होत्या. उचललेली मुंगी हातपाय पोटाशी घेऊन गाठोड्यासारखी गप्प राहते. कोष निघाले, राण्याही कधीतरी निघतील. बिऱ्हाड हलत होतं.

आणि भाडेकरू? त्यांना बहुतेकांना कुणी उचलून नेत नाही. ज्यांना पंख आहेत ते उडतील, जवळ दुसरं मोठं घरटं असलं तर. काही मुंग्यांच्या वाटेचा माग काढत चालत जातात. ती चकचकीत छोटी मुंगी यजमानांमागे असं स्थलांतर करते. पण नव्या ढिगात कुजलेला, काळा, ओला तळ कुठून येणार? तो साचायला वर्षं लागतात. पांढऱ्या अळीला तोच हवा. क्लायट्राच्या मादीला तर ढिगाशेजारी फांदीही हवी आणि खायला पानंही. छोट्या ढिगात थोड्याच जणांची सोय होते. मुंग्या गेल्या तर घरटं रिकामं दिसतं, माणसाला कळतं. मुंग्या राहिल्या आणि पाहुणे गेले, तर वरून काहीच दिसत नाही. ही छोटी मुंगी असुरक्षित का, ते मला त्या बसक्या भाकरीशेजारी बसल्यावर उमगलं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर मालकांवर अन्याय होईल. झाड पडणं मुंग्यांना नवीन नाही. जंगलात लहान फट पडली, कडेला ऊन आलं, तर ढिगाला ते आवडतं सुद्धा, आणि उघड्यावर रमणाऱ्या मुंग्यांच्या दुसऱ्या जाती आहेतच. प्रश्न पाच हेक्टर एका झटक्यात मोकळं करण्याचा आहे. २०१४ पासून इथल्या वनकायद्याने मधली मधली झाडं काढत जंगल सतत उभं ठेवायला वाट मोकळी केली आहे. मालकांना ते माहीत होतं. "लाकूड घेणारा म्हणतो, तसं परवडत नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "त्याला परवडत नाही."

सहावा दिवस : पाऊस

दिवसभर रिपरिप. सौना म्हणजे इथलं गरम वाफेचं स्नान, लिंगोनबेरीचं सरबत, वहिनीने केलेली मुगाची खिचडी. मालक खिचडी दोनदा घेऊन खाल्ले. मी त्यांना श्पिक्सची गोष्ट सांगितली: बव्हेरियाच्या या निसर्गतज्ज्ञाने १८२४ मध्ये एक नवी गोगलगाय म्हणून जिचं बारसं केलं, ती मुंग्यांच्या घरट्यात राहणाऱ्या माशीची अळी होती. मालक इतके हसले की त्यांच्या खिचडीत चमचा पडला. भावाने केसांतून सातवी हरणमाशी काढली.

सातवा दिवस : फीत

दुपारी निघायचं होतं. सकाळी मालक खांद्यावर पिशवी घेऊन दारात. पिशवीत फितीचं रीळ, जंगलात झाडांवर खुणा करायला बांधतात ती. येत्या हिवाळ्यात घरामागच्या जंगलाचा एक तुकडा निघणार आहे, त्याची बोलणी झाली आहेत. तो तुकडा म्हणजे परवाच्या घरट्याचा.

घरट्याभोवतीच्या तीन झाडांना त्यांनी फीत बांधली आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. फक्त मुंग्यांच्या वाटेकडे बोट केलं. शेवाळात दाबून तयार झालेली बोटभर रुंदीची वाट, तिच्यावर जाणाऱ्या सडपातळ मुंग्या आणि येणाऱ्या, पोट चिकट्याने फुगून काचेसारखं झालेल्या.

आम्ही वाटेने निघालो. पहिला स्प्रूस: चढतात. फीत. दुसरा: चढतात. फीत. मधला पाइन सोडून दिलेला, त्याच्या पलीकडचा बर्च: चढतात. मालक वाकून, चष्मा कपाळावर सारून प्रत्येक बुंध्याशी थांबत होते. वाट फुटली, एक फाटा उजवीकडे उताराला लागला. आम्ही तीसेक पावलं आलो होतो.

आठव्या झाडाला फीत पुरली नाही. अर्धाच वेढा बसला आणि रीळ संपलं. मुंग्या पुढे जातच होत्या.

मालकांनी रिकामं रीळ पिशवीत टाकलं. आज रविवार, जवळच्या लिएक्सा गावातलं दुकान उद्या उघडेल, असं त्यांनी भावाला सांगितलं, आणि नवव्या झाडाची ओळख राहावी म्हणून खिशातला रुमाल काढून त्याच्या खालच्या फांदीला बांधला.